भिंत आडवी, कॅमेरा पण आडवा

महोदय,

सुपरहिरोंवरचा रविवारचा लेख वाचला, मजा आली, पण सगळा भर आत्ताच्या ग्राफिक्सवरच. अहो १९४८ च्या १५ भागांच्या सुपरमॅन चित्रपटमालिकेत सुपरमॅन झालेला नट कर्क अ‍ॅलिन उडायला लागला की पडद्यावर चक्क कार्टून यायचं! पुढे टीव्हीवर जॉर्ज रीव्हज आला, सुरवातीचे सीझन ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून त्याचा ड्रेस लाल-निळा नव्हताच मुळी, करडा नि तपकिरी होता, कारण कॅमेऱ्यात तेच रंग नीट उठून दिसायचे. आणि १९६६ च्या टीव्ही मालिकेतला बॅटमॅन त्याच्या जोडीदार रॉबिनबरोबर दोरीला धरून भिंत चढतो ना, ती भिंत जमिनीवर आडवी, कॅमेरा आडवा फिरवलेला, केप दोऱ्याने ओढून धरलेली आणि दोघं आपले वाकून चालतायत! हे कळल्यापासून मी तो सीन जास्तच आवडीने बघतो. यावर पण लिहा की कधीतरी.

– एक वाचक, सातारा