लेकराआधी ‘कशाला?’ का विचारता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी उंची ३ फूट ११ इंच. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. दिवस गेले तेव्हा दवाखान्यात रक्त, बीपी काही बघण्याआधी मला विचारलं, “तुम्हाला कशाला पाहिजे लेकरू? तेबी असंच झालं तर?” मी गप्प झाले. सासूबाई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, “झालं तर आमच्या घरात वाढंल. तुम्ही तपासा.”

‘असंच झालं तर’ याचं उत्तर मला पुढे पुण्याला जाऊन मिळालं. माझा बुटकेपणा अकाँड्रोप्लेझियाचा आहे, एका जनुकातल्या बदलामुळे आलेला. अशी दहातली आठ मुलं साधारण उंचीच्या आईबापांच्याच पोटी येतात. माझीही आई उंचच. तिला मात्र ‘ग्रहणात काय चिरलं होतंस?’ हे जन्मभर ऐकावं लागलं. दिवस राहायला आम्हाला सहसा अडचण येत नाही. माझे पती साधारण उंचीचे, म्हणून दर बाळंतपणात बाळ माझ्यासारखं होण्याची शक्यता निम्मी. पण नवरा-बायको दोघांनाही हाच प्रकार असेल, तर चारात एका बाळाला तो बदललेला जनुक दोन्हीकडून मिळतो आणि ते बहुधा तान्हेपणीच दगावतं. हे कुणीतरी आधी बसून, नीट सांगायला नको का? ज्यांना कळत नाही त्या बाया ते लेकरू मांडीवर घेऊन कळून घेतात.

आमचा कटिभाग अरुंद, म्हणून सिझर जवळपास ठरलेलंच. शेवटच्या महिन्यांत पोट छातीवर दाबतं. मी बसूनच झोपायचे. मणक्यातून भूल देणंही अवघड जातं. मला भुलेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पाहिलं ते टेबलावर. आणि त्याच दिवशी बाहेर माझ्या पतीपुढे कागद धरला, ‘सोबतच नसबंदी करून टाकू.’ त्यांनी सही केली नाही. मला तर कुणी विचारलंच नव्हतं!

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत बुटकेपणा आहे. कलम १० म्हणतं की मूल होण्याबद्दलची माहिती आम्हाला मिळाली पाहिजे, आणि आमच्या मोकळ्या संमतीशिवाय मूल बंद करणारा कोणताही उपचार करता येणार नाही. संमती माझी, नवऱ्याची नव्हे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, देताना हे कलम कुणी वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही.

अंबाजोगाई, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे महिन्यातून एक दिवस तरी जनुकीय सल्ला मिळावा, आणि आमच्यासारख्या गरोदर बाईला सहाव्या-सातव्या महिन्यातच भुलेच्या डॉक्टरांनी तपासावं. मला पुण्याचं भाडं जमलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ते कसं जमणार?

– एक आई, जि. परभणी