पोरीला एवढं एक सांग

रविवार, रात्री

प्रिय दिन्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी विमानाच्या पोटाखाली होतो, हात ग्रीसने भरलेले. "रात्री बोलतो" म्हणालो खरा, पण जे सांगायचंय ते फोनवर नीट जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तू विचारलंस, "पोर वैमानिक व्हायला शिकतेय, पुढच्या महिन्यात उडायला लागणार. ती एका इंजिनाची विमानं भरवशाची असतात का रे?" बारावीनंतर तू आयटीआय करून एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलास, मी ए.एम.ई.च्या, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरच्या कोर्सला. त्यामुळे तुला यंत्राच्या भाषेतच सांगतो. तिच्या वाट्याला बहुधा सेसना १७२ येईल. चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारे, एकमेकांशी संबंध नसलेले दोन मॅग्नेटो. बॅटरी बसली, अल्टरनेटर गेला, तरी ठिणगी पडतच राहते. उडण्याआधी १८०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. इंजिनाचा वेग १५० आरपीएमपेक्षा जास्त उतरला, किंवा दोघांच्या उतारात ५० पेक्षा जास्त फरक आला, की विमान परत हँगरला. दर ५० तासांनी आम्ही ऑइल बदलतो, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडतो आणि उजेडात धरून धातूचा चमकणारा कण शोधतो. हे काम मला आजही मनापासून आवडतं. इंजिन आतून कसं आहे ते त्या कागदावर लिहिलेलं असतं.

तेव्हा यंत्र भरवशाचं आहे. पण दिन्या, मला विमान दिसतं ते जमिनीवर उभं असलेलं. हवेत ते कसं वागलं हे चालवणाऱ्यालाच कळतं, आणि त्याने विमानाच्या नोंदवहीत लिहिलं नाही तर माझ्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच नाही.

आता जे सांगतोय ते मी वहिनींसमोरसुद्धा कधी बोललो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये असताना, एक विद्यार्थी उतरून माझ्याकडे आला. "सर, सीट एक घर मागे सरकल्यासारखी वाटली. पुन्हा पुढे घेतली तर टक् करून बसली." संध्याकाळचे आणखी दोन सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, बाकी होते. मी म्हणालो, "लिहू नको आत्ता, रात्री बघतो." स्नॅग, म्हणजे बिघाड, वहीत लिहिला की विमान ग्राउंड होतं, मग कोणीतरी ते दुरुस्त करून सही केल्याशिवाय उडत नाही. मला ते दोन सॉर्टी मोडायचे नव्हते. आणि रात्री मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी टेकऑफला धावत असताना तीच सीट सरळ मागच्या टोकापर्यंत गेली. अशा वेळी माणूस हाताशी असेल ते घट्ट धरतो, आणि हाताशी असतो कंट्रोल. तो मागे ओढला गेला की नाक वर जातं, पाय रडरच्या पेडलांवरून सुटलेले असतात. शेजारी इन्स्ट्रक्टर होते. त्यांनी कंट्रोल पुढे रेटला, थ्रॉटल ओढला, विमान धावपट्टीवरच थांबलं. ती मुलगी एकटी उडत असती तर काय झालं असतं, हे मला अजूनही रात्री आठवतं.

सीट काढली. सीट ज्यावर सरकते त्या रुळाची भोकं झिजून लांबोळी झाली होती, सीट अडकवणारी पिन पुरती बसतच नव्हती. चौकशीत कळलं की आणखी दोघांना तो टक् जाणवला होता. दोघांनाही वाटलं, आधीच्याने सांगितलं असेल. आणि हा रोग काही नवा नव्हता. सेसनाच्या याच सीटच्या रुळांसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, एफ.ए.ए.ने, १९८७ मध्येच तपासणी सक्तीची केली होती, २०११ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. दर १०० तासांनी भोकं, चिरा, पिन, स्प्रिंग सगळं बघायचं. ती तपासणी आमच्याकडे झालेली होती, पण पुढची यायच्या आतच झीज वाढली होती.

मोठ्या विमानांतही हेच घडलंय. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं बोइंग ७२७, किती खाली यायचं याच्या गैरसमजातून, वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान तिथेच, तशाच गैरसमजातून खाली उतरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते कळवलं, कंपनीने आपल्या लोकांना सावधही केलं. बाकीच्यांपर्यंत मात्र ते पोचलं नाही. त्यानंतर, १९७६ मध्ये, नासाकडे अशा गोष्टी निर्धास्तपणे कळवायची व्यवस्था सुरू झाली.

म्हणून पोरीला सांग, काही वेगळं जाणवलं तर लिहायचं. आणि "इंजिन रफ" एवढंच नाही. तुमच्याकडे ड्रायव्हर नुसतं "गाडी ओढत नाही" म्हणाला की तू काय शोधणार? चढावर, की गरम झाल्यावर? तसंच हे. किती उंचीवर, किती आरपीएमला, चढताना की उतरताना. समजा उजव्या मॅग्नेटोचा उतार २०० निघाला आणि मिश्रणातलं पेट्रोल कमी करून थोडा वेळ चालवल्यावर तो ९० वर आला. आमच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते प्लगवर साचतं आणि असं जळून जातं. उडायला हरकत नाही, पण उतरल्यावर लिहायचंच. तोच प्लग आठवड्यात तीनदा लिहिला गेला की मला कळतं, घोटाळा प्लगचा नाही, दुसरीकडे आहे.

तिच्यावर दडपण येईल. कमर्शियल लायसन्सला २०० तास पुरे करायचे असतात, विमान ग्राउंड झालं की सगळ्या बॅचचे चेहरे उतरतात. कोणीतरी म्हणेलच, "एवढ्याशासाठी कशाला?" माझ्यासारखा एखादा इंजिनिअरही म्हणेल. तरी वही मागून घ्यायची. शंका चुकीची निघाली तर आमचा तासभर जाईल, आणि तो गेलेला मला चालतो.

एक दिवस तिला घेऊन इकडे ये. सकाळी सहाच्या आत पोचा. तेव्हा आम्ही टाक्यांखालच्या आणि पोटाखालच्या मिळून तेरा जागांमधून पेट्रोल काढून पाणी आहे का बघतो, वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं झाकण काढून कुंभारमाशीने आत माती भरली नाही ना तेही बघतो. पावसाळा संपला की त्या माश्या फार त्रास देतात. तिच्या हातात टॉर्च देईन, आणि तू सीटखाली वाकून रूळ बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या