फणसाचा ओंडका

सावंतवाडी

प्रिय नंदू,

तुझा निरोप पोचला. रक्तचंदनाचा मोठा वाडगा लेथवर कातून हवा म्हणे! बाबा रे, ते झाड आंध्रातल्या शेषाचलमच्या रानातलं. पाण्यात बुडेल इतकं जड आणि वाढीला महासंथ. तसला ओंडका माझ्या दारात दिसला, तर वाडगा व्हायच्या आधी वनखात्याची गाडी येईल.

तुला फणस देतो. परसातला बरका गेल्या पावसात आडवा झाला. तोच, ज्यावर चढून तू पँट फाडली होतीस. पहिला वाडगा मी अख्ख्या ओंडक्यातून कातला, गाभा मधोमध ठेवून. काय देखणा दिसत होता! चौथ्या दिवशी बघतो तर गाभ्यापासून काठापर्यंत बोट शिरेल एवढी चीर. वाळताना लाकूड गाभ्याच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या जवळपास दुप्पट वलयांच्या अंगाने आकसतं. मग तडकणार नाही तर काय? इथल्या एका म्हाताऱ्या कातारीबुवांनी बघून एवढंच विचारलं, "गाभो काढलंस नाय?"

मग दुसरा ओंडका उभा चिरला, गाभा काढून टाकला आणि अर्ध्या फाळीतून १४ इंची वाडगा धरला. सुरुवातीला मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वर जायची सोय नाही, तोल येईपर्यंत लेथसकट शेड हलते. पण एकदा का गोल पटाशी लागली, की ओल्या लाकडाच्या लांबच लांब पिवळ्या ढलप्या खांद्यावरून उडतात. सालीकडचा चीक हाताला बसला तो खोबरेल चोळल्यावरच सुटला. आणि रंग! ब्रह्मदेशात फणसाच्या लाकडाच्या काढ्यात भिक्खूंची चीवरं रंगवत. माझी बनियन आता त्याच पंथातली.

भिंत मुद्दाम दीड इंच जाड ठेवलीय, व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा. लाकडाचे रेषे जिथे आडवे कापले गेलेत तिथे मेण चोपडलं, त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून माळ्यावर टाकला. दर रविवारी वजन करतो (बायको हसते). सध्या एका अंगाने १४, दुसऱ्या अंगाने जेमतेम साडेतेरा. अंडाकृती झालाय लेकाचा, पण तडा नाही. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा चढवून गोल करायचा. जाड भिंत त्यासाठीच.

चतुर्थीला येतोयस ना? तोवर वाळला तर तुझ्यासमोरच कातू. जुनी बनियन घेऊन ये.

तुझा,
बाळ्या