आधी कूलरच्या चार पिना तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले की संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार वारंवार येते. ‘मशीन चालू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि आपोआप बंद पडतं. थोडं थांबून बटण दाबलं की परत चालू.’ मग आधी विंडोज नव्याने टाकली जाते, नंतर यूपीएस बदलतो, त्यानंतर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. शाळेचा संगणक कक्ष असो, आपले सरकार सेवा केंद्र असो की टॅलीवर हिशेब ठेवणारे दुकान, पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. यातला एक पैसाही घालवण्याआधी कॅबिनेटचे झाकण उघडून प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार पिना पाहाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात, म्हणून आधी स्पष्ट करतो: प्रोसेसर म्हणजे मदरबोर्डवर बसणारी, जेमतेम पावणेचार सेंटिमीटर बाजूची चौकोनी चिप. तिच्यावर तिची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा, असा कूलर असतो. इंटेलच्या प्रोसेसरसोबत खोक्यातच मिळणारा गोल कूलर कोणत्याही स्क्रूशिवाय, चार प्लास्टिकच्या पिनांवर उभा असतो. पिनेचा खालचा पांढरा पाय दोन फाकांचा असतो. तो बोर्डाच्या छिद्रातून पलीकडे जातो, वरून काळी दांडी त्यात शिरते, फाका पसरतात आणि बोर्डाला मागून पकडतात. एक पिन अर्धवट राहिली तरी हीटसिंक त्या कोपऱ्यात केसभर उचलला जातो. वरून पाहिले तर सगळे ठीक दिसते, पंखाही छान फिरतो, पण खाली प्रोसेसर आणि धातू यांच्यामध्ये हवा शिरलेली असते आणि उष्णता वर नीट पोहोचत नाही.

काळ्या टोपीवर एक बाण कोरलेला असतो. अनेक जण तो बसवण्याची दिशा समजतात. तो सोडवण्याची दिशा दाखवतो. बसवण्याआधी चारही टोप्या बाणाच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण फिरवून घ्यायच्या. मग चारही पाय छिद्रांत आले आहेत याची खात्री करून समोरासमोरच्या तिरक्या जोडीतल्या दोन पिना दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दाबायच्या. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. त्यानंतर दुसरी तिरकी जोडी. एकाच बाजूच्या दोन पिना आधी दाबल्या तर दुसरी बाजू उचलली जाते, बोर्ड वाकतो आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट एका कडेला सरकते.

हे काम बोर्ड कॅबिनेटबाहेर असताना करावे. बोर्ड सपाट टेबलावर ठेवून दाबणे ही नेहमीची चूक आहे, कारण पिनांची टोके बोर्डाच्या पाठीतून थोडी बाहेर यावी लागतात. खाली टेबल असेल तर ती बाहेर येणार कुठून? मदरबोर्डच्या खोक्यावर मऊ फोम टाकून त्यावर बोर्ड ठेवावा. पिना बसल्यावर बोर्ड उलटा करून पाठ पाहावी: प्रत्येक छिद्रातून दोन पांढऱ्या फाका पूर्ण बाहेर आलेल्या आणि त्यांच्या मधोमध काळी दांडी दिसली पाहिजे. तीन ठिकाणी दिसली आणि चौथ्या ठिकाणी नाही, तर कूलर बसलेला नाही. शेवटी पाय धरून अलगद हलवून पाहावा. पंख्याला धरून ओढू नये.

जुना कूलर नव्या बोर्डावर बसवण्याचा हट्टही महाग पडतो. इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) भोवतालच्या कूलरच्या छिद्रांमधले अंतर ७२ मिलिमीटर, ११५० आणि ११५१ कुटुंबाचे ७५, तर २०२१ मध्ये आलेल्या १७०० सॉकेटचे ७८. तीन मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटते, पण जोर लावून बसवलेली पिन तिरकी जाते आणि आज ना उद्या सुटते. पिन तुटली तर सुट्या पिनांचा संच मिळतो, तो आणावा. तारेने बांधणे, ग्लूगनने चिकटवणे किंवा साधे बोल्ट घालून मागून नट कसणे हे उपाय बोर्ड मारतात. नटाची कड तांब्याच्या रेषांवर घासली की बोर्ड शॉर्ट होतो.

पेस्टबद्दल थोडे. नव्या कूलरच्या बुडाला कंपनीने लावलेली करडी पेस्ट एकदाच कामाची असते. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पूर्ण काढून नवी लावायची, मग ती कालची का असेना. वाळलेली पेस्ट चुन्याच्या पोपडीसारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड यांनी ती पुसावी. हात धुण्याचे सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असते. चौकोनी प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा एक थेंब पुरतो, दाबाने तो आपोआप पसरतो. १७०० सॉकेटचा प्रोसेसर लांबट असल्याने त्यावर बारीक फुली काढावी. वेगळा विकत घेतलेला कूलर असेल तर बुडाची पारदर्शक फिल्म काढायची असते. ती तशीच ठेवून बसवलेले कूलर दुरुस्तीला येतच असतात.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या प्रोसेसरांची तऱ्हा वेगळी. तिच्या एएम-४ सॉकेटच्या बोर्डामागे धातूची पट्टी असते आणि अनेक कूलर तिच्यात स्क्रूने कसतात. बोर्ड उभा असताना वरचे प्लास्टिकचे धारक सोडले तर ही पट्टी मागच्या मागे गळून पडते, म्हणून कॅबिनेट आडवे करून पट्टी हाताने धरावी. स्क्रू तिरक्या क्रमाने, प्रत्येकी दोन-तीन फेरे देत, थांबेपर्यंत कसावेत, त्यापुढे जोर नको. जास्त दाब म्हणजे जास्त गारवा नव्हे: २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरची तळाची पाटी पातळ होती, काही जड कूलरांच्या दाबाने ती वाकली आणि एका जपानी कूलर कंपनीला स्क्रू बदलून द्यावे लागले. एएम-४ चा कूलर काढताना सरळ वर ओढला तर चिकटलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या १३३१ पिनांपैकी काही वाकतात. दहा मिनिटे संगणक चालवून पेस्ट कोमट करावी, बंद करून वीज काढावी, कूलर डावीकडे-उजवीकडे अलगद पिळावा आणि मग उचलावा.

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असे छापलेल्या चार टोकांच्या जागीच लावायची. दुसरीकडे लावली की सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ दिसते आणि काही जण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन ती सूचनाच बंद करून टाकतात. असे कधीही करू नये. पुढे पंखा खरोखर थांबला तर सांगणारे कोणी उरत नाही.

सन २००० च्या सुमाराचे काही प्रोसेसर कूलर निघाला की काही सेकंदांत जळून जात. आजचे जळत नाहीत. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात आणि तरी भागले नाही तर वीज तोडतात. त्यामुळेच हा दोष महिनोन्महिने लपून राहतो आणि संगणक ‘जुना झाला’ असे म्हटले जाते. दरम्यान भोवतालचे कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग, शिजत असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते. अचानक बंद पडण्याने फायली बिघडतात, ते वेगळेच.

निदान सोपे आहे. सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहावे, किंवा एचडब्ल्यूमॉनिटरसारखा मोफत प्रोग्राम उघडावा. काम सुरू करताच दहा-वीस सेकंदांत आकडा ९५ च्या पुढे उसळला तर कूलर टेकलेला नाही किंवा पेस्ट गेली आहे. आकडा दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढत असेल तर पात्यांत धूळ आहे किंवा कॅबिनेटला हवा नाही. ब्रश आणि ब्लोअरने काम होते, फक्त ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. विदर्भ-मराठवाड्यात खोलीतच ४० अंश असतात, तेव्हा ६५ वॉटचा प्रोसेसर पूर्ण भारावर ८० ते ८५ वर स्थिरावला तर घाबरण्याचे कारण नाही. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नये. ओलसर धूळ पात्यांत लिंपली जाते आणि ब्लोअरनेही निघत नाही.

पिना सुटण्याचे मोठे कारण वाहतूक आहे. पुण्या-मुंबईत जुळणी झालेले संगणक एसटीच्या पार्सलने किंवा टेम्पोत उभे ठेवून तालुक्याला जातात. उभ्या कॅबिनेटमध्ये कूलर बोर्डावर आडवा लटकलेला असतो आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका त्या चार पिनांना बसतो. कॅबिनेट आडवे, कूलर वर येईल असे ठेवून न्यावे. किलोभर वजनाचा उंच कूलर असेल तर काढून वेगळा न्यावा.

म्हणून विक्रेत्यांना आणि शाळा-ग्रामपंचायतींच्या खरेदी समित्यांना विनंती आहे. संगणक मुक्कामी पोहोचल्यावर, मूळ दुकानात नव्हे, १५ मिनिटे पूर्ण भारावर चालवावा आणि खोलीचे तापमान व प्रोसेसरचे कमाल तापमान असे दोन आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. पुढच्या उन्हाळ्यात तक्रार आली की तेच दोन आकडे पुन्हा घेऊन ताडून पाहता येतील.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, अकोला