चुन्याची खपली परत देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून लोक आपापल्या आजीचे डबे घेऊन तांबट आळीत रांग लावतील आणि तुम्ही मलाच बोलाल. ज्यांना शोधायचंच असेल त्यांनी पुण्याच्या कसबा पेठेत शिरावं आणि ठोक्यांच्या आवाजामागे जावं.

पानाचा जुना डबा तुमच्याकडून दुरुस्त करून घेतला, त्या दिवशी दुकानात माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही. घसा दाटून आला होता आणि तोवर तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाच्या बंबाकडे वळला होतात. म्हणून हे लेखी.

तुम्ही विचारलं होतं, "डब्याचं काय करणार? पान तर कुणी खात नसेल आता." मी म्हटलं, चित्र काढते. तुम्ही मान हलवलीत, पुढे काही विचारलं नाहीत. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगते. मी तैलरंगात छोटी स्थिरचित्रं काढते. सहा इंच बाय आठ इंच, फार तर आठ बाय दहा. विषय म्हणाल तर माळ्यावर गेलेल्या वस्तू: कंदील, पितळी स्टोव्ह, अडकित्ता, चिनी मातीची बरणी, मापटं, दौत. एका वेळी एक, नाहीतर दोन. उत्तरेच्या खिडकीत एक स्टूल, त्यावर सासऱ्यांचं जुनं धोतर, धोतरावर वस्तू. बास.

या कामात वस्तूचा मळ हाच खरा माल. लख्ख घासलेलं पितळ रंगवायला बसलं की पितळ दिसतच नाही. त्यात खिडकी दिसते, माझा चष्मा दिसतो, मागून जाणारी सून दिसते. न घासलेलं पितळ मात्र स्वतःचा रंग दाखवतं. त्याच्या सावलीत पिवळा जवळजवळ नसतो. तिथे रॉ अंबर हा मातकट तपकिरी लागतो, थेंबभर अल्ट्रामरीन निळा लागतो, कुठे हिरवट झाक असते. यलो ऑकर हा मातकट पिवळा येतो तो मधल्या पट्ट्यात. आणि जिथे चमक येते तिथे ती पिवळी नसतेच, उत्तरेच्या आकाशाची निळसर पांढरी असते. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) नावाचे चित्रकार होते, ते वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या आणि डबे रंगवत राहिले. त्यांच्यावर साचलेली धूळ ते तशीच राहू देत. आमच्या घरात एवढं स्वातंत्र्य नाही.

तुमच्याकडे पोचण्याआधी काय काय झालं तेही लिहितेच, कारण ते मनातून जात नाही. माहेरचा फिरकीचा तांब्या होता. त्याचं चित्र अर्ध्यावर असताना तो पडला, पोचा आला. शहरातल्या एका मोठ्या दुकानात दिला आणि बजावून सांगितलं, फक्त पोचा काढा. परत मिळाला तो सत्कारात शालीबरोबर देतात तसला. मशीनवर बफ मारलेला, वरून लॅकर. फिरकीच्या आट्यांमधली काळी रेघ गेली. गळ्याशी आईच्या पकडीने गुळगुळीत झालेली जागा होती, तीही आता बाकीच्या तांब्यासारखीच चमकत होती. मी नुसती बघत राहिले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पॉलिशचे वेगळे लावले नाहीत." ते चित्र अजून भिंतीकडे तोंड करून उभं आहे.

डब्याच्या बाबतीतही तेच. एकाने तो हातात न घेताच मोडीचा भाव सांगितला. दुसऱ्याने "अँटिक पीस आहे, द्या मला" म्हणून पिच्छा पुरवला आणि मी नाही म्हटल्यावर त्याला एकदम आठवलं की असल्या बिजागऱ्या आता होत नाहीत. कलेतल्या जाणकारांची तऱ्हा आणखी वेगळी. एका प्रदर्शनाच्या निवडीला चित्रं नेली होती. तिथले गृहस्थ म्हणाले, "छान आहे, पण इंटरमिजिएटच्या पेपरासारखं वाटतं. मोठं काहीतरी करा." पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ज्याँ शार्दँ या फ्रेंच चित्रकाराचं साधारण १७३४ सालचं एक तैलचित्र आहे. घरात पाणी साठवायचं तांब्याचं पिंप आणि आजूबाजूला दोन-तीन भांडी. उंची २८ सेंटिमीटर, म्हणजे वीत आणि वर चार बोटं. लहान आहे म्हणून ते अजून कुणी परत पाठवलेलं नाही.

असो. तर डबा.

तो माझ्या आजेसासूबाईंचा. झाकणाची बिजागरी एका बाजूने निखळलेली, खिळा झिजून गेलेला. तुम्ही झाकण उचलून आत पाहिलंत. काताच्या कप्प्यात तपकिरी डाग, सुपारीच्या कप्प्यात ओरखडे, आणि चुन्याच्या डबीच्या काठावर वाळून दगड झालेला चुना. त्या चुन्याला एका बाजूला बोट निरपल्याची खूण. तुम्ही एवढंच विचारलंत, "घासायचाय?" मी म्हटलं, नाही. का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. एवढ्यानेच मी अर्धी निश्चिंत झाले होते.

दुरुस्तीतलं मला काही कळत नाही, त्यामुळे ते सोडून देते. पण टोला घालण्याआधी तुम्ही डब्याखाली फडक्याची घडी सरकवलीत ते पाहिलं. एरवी तुमचं मठारकामही मी बाहेर उभी राहून पाहिलेलं आहे. ओळीने ठोके पडत जातात आणि प्रत्येक ठोक्याची जागा वेगळी उजळते. रंगवणाऱ्याचा जीव काढणारं काम आहे ते. तोच हात या डब्यावर किती हलका झाला!

आणि शेवटच्या टोल्याला चुन्याची एक खपली उडाली. नखाएवढी. मी काही बोलायच्या आत तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. वाकून, पितळेच्या किसातून आणि धुळीतून ती शोधून काढलीत. तळहातावर घेऊन हलकी फुंकर मारलीत, वर्तमानपत्राचा तुकडा फाडून पुडी बांधलीत आणि डबा द्यायच्या आधी ती पुडी माझ्या हातात ठेवलीत. "ताई, हे त्यांचंच आहे. चित्रात लागेल."

काका, चुना कुठल्याही टपरीवर बोटभर फुकट मिळतो. पण तो या बाईंच्या बोटाचा नसतो. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नव्हत्या आणि डबा माळ्यावर गेलेला होता. त्यांचा एकही फोटो घरात नाही. त्यांच्याबद्दल सांगू शकतील अशी माणसंही आता उरली नाहीत. जेवण झाल्यावर एक बोट या चुन्यावरून फिरायचं, एवढीच त्यांची माझ्याजवळची हकीकत. ती केराबरोबर झाडली गेली असती. मलाही बहुधा घरी गेल्यावरच कळलं असतं.

खपली मी परत चिकटवली नाही. डब्यापुढे धोतरावर ठेवली आणि चित्राला बसले. तैलरंगात खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवायचे, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर पुढे रंगाला तडे जातात. त्यामुळे सगळ्यात जाड आणि सगळ्यात उजळ ठिपका शेवटी पडतो. या चित्रातला तो ठिपका म्हणजे तुमच्या पुडीतली खपली. नुसता टायटेनियम व्हाइट लावून पाहिला तर ती चित्रातून बाहेरच उडी मारत होती. मग नीट पाहिलं. कात आणि चुना एकत्र आले की लाल होतात, आणि त्या लालीचा अंश खपलीच्या एका कडेला अजून आहे. पांढऱ्यात कणभर लाल, कणभर ऑकर घातला तेव्हा ती जागेवर बसली. तिला उजळ ठेवायचं म्हणून अख्खा डबा दोन पायऱ्या गडद करावा लागला, झाकणावरच्या एका छान चमकीवर पाणी सोडावं लागलं. सोडलं.

मध्ये एकदा केळकर संग्रहालयात जाऊन आले. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) लोकांच्या घराघरांतून दिवे, फण्या, वज्री, अडकित्ते असं रोजच्या वापरातलं सामान जमवलं आणि ते आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं. तिथे मी नेहमी घडण बघत असे. या वेळी काचेला नाक लावून कुठे कात दिसतो का, चुना दिसतो का, तेच शोधत होते. ही सवय तुमची लावलेली.

तुमच्यासारखी माणसं मला अधूनमधून भेटतात आणि का कोण जाणे, ती हातानेच काम करणारी असतात. आमचे शिंपीकाका ब्लाउजचं उरलेलं कापड, दोन बोटांची पट्टी असली तरी, घडी करून पिशवीत टाकतात. लक्ष्मी रोडला एक घड्याळजी होते, ते बदललेलं जुनं चाक पाकिटात घालून परत देत. त्याचा कुणाला काय उपयोग? पण ते गिऱ्हाइकाचं, म्हणून द्यायचं. कुणी बघत नाही, कुणी मागणार नाही, पावतीवर त्याची ओळ नाही. मोठमोठ्या दुकानांच्या भिंतीवर ग्राहकाबद्दल जे फ्रेम करून लावलेलं असतं, ते यांच्या दुकानात कुठेही लिहिलेलं नसतं.

चित्र अजून ओलं आहे. वार्निश लावण्याइतकं सुकायला सहा महिने तरी जातील, पण तोवर मी थांबणार नाही. बोटाला रंग लागेनासा झाला की तुम्हाला दाखवायला घेऊन येते. येताना पितळी स्टोव्हही आणणार आहे, त्याच्या टाकीचा एक पाय सुटलाय, तो झाळून द्या. बर्नरखालची काजळी आहे तशी राहू दे. आणि मागच्या वेळी नुसत्या खिळ्याचे पैसे घेतलेत, ते या वेळी मी चालवून घेणार नाही.

तुमची,
पानाच्या डब्यावाली ताई