विटेचंही वजन करून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा मित्रांमध्ये निवडणुकीच्या गप्पा चालल्या होत्या. आम्हा सगळ्यांचा कल ज्या उमेदवाराकडे आहे, त्याच्या शपथपत्रात नोंदलेल्या एका खटल्याविषयी मी सहज विचारलं. एक जुना मित्र एकदम उसळला, "मग काय त्या दुसऱ्याला निवडून द्यायचं?" मी असं काही म्हटलंच नव्हतं. पण विषय तिथेच मिटला. त्या दुसऱ्याचं नाव निघालं की आपल्या माणसाला विचारायचे सगळे प्रश्न बाद होतात, हा आता अलिखित नियमच झाला आहे. दगडापेक्षा वीट मऊ, मान्य. पण ती भाजलेली आहे की कच्ची, एवढंही विचारायचं नाही?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९९१ साली गव्हर्नरपदाच्या अंतिम फेरीत डेव्हिड ड्यूक आणि एडविन एडवर्ड्स समोरासमोर आले. ड्यूक हा कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा एकेकाळचा म्होरक्या. एडवर्ड्स आधी तीनदा गव्हर्नर राहिलेला, पण भ्रष्टाचाराच्या आरोपांनी बदनाम. लोकांनी गाड्यांवर स्टिकर लावले, 'लबाडालाच मत द्या, तेवढं महत्त्वाचं आहे.' एडवर्ड्सला सुमारे ६१ टक्के मतं पडली. मी तिथला मतदार असतो, तर मीही त्यालाच मत दिलं असतं. मात्र गोष्ट इथे संपत नाही. त्याच कारकिर्दीत नदीवरच्या तरंगत्या कॅसिनोंचे परवाने दिले गेले, आणि त्या परवान्यांसाठी पैसे उकळल्याबद्दल एडवर्ड्स २००० साली दोषी ठरला. शिक्षा झाली १० वर्षांची. ज्याच्या लबाडीवर मत देतानाच पांघरूण घातलं, त्याने पुढे ती सोडावी कशाला?

फ्रान्समध्ये २००२ साली असंच घडलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत उजव्या विचारांचे जाक शिराक यांना २० टक्केही मतं नव्हती. दुसऱ्या फेरीत समोर अतिउजवे ल पेन उरले आणि शिराक ८२ टक्क्यांवर गेले. डाव्या विचारांच्या लाखो लोकांनी नाक दाबून त्यांना मत दिलं होतं. जिंकल्यावर सरकार मात्र उजव्यांचंच आलं. पॅरिसच्या महापौरपदाच्या काळात खोट्या नेमणुका दाखवून सार्वजनिक पैसा वापरल्याबद्दल २०११ साली शिराक दोषी ठरले, २ वर्षांची स्थगित शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत त्यांच्यावर खटला चालूच शकला नव्हता.

'उडदामाजी काळेगोरे' म्हणून सगळ्यांना एका पारड्यात टाकणाऱ्यांतला मी नाही. कमी वाईट आणि जास्त वाईट यांत फरक असतो आणि मत देताना तो करायलाच हवा. पण मतदान एका दिवसाचं असतं. त्याआधीचे महिने आणि नंतरची पाच वर्षं तोंड शिवून का बसायचं? उलट प्रतिस्पर्धी जितका वाईट, तितकी आपल्या उमेदवाराला जागा आयती मिळते. त्याला घाम फुटेल असं विचारणारं दुसरं कोण उरतं?

आपल्याकडे कायद्याने ही सोय करूनही ठेवली आहे. उमेदवारांनी गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून सुरू झालं. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशात तर न्यायालयाने पक्षांनाच जाब विचारला. खटले प्रलंबित असलेल्या माणसाला का निवडलं आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, ते जाहीर करा. 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही. पक्षांनी यावर दिलेली कारणं एकदा वाचाच. 'लोकप्रिय', 'समाजकार्याची आवड', 'गुन्हे राजकीय हेतूने दाखल'. शाळेत गैरहजेरीच्या चिठ्ठीवर पालक याहून जास्त डोकं लावतात.

अशा प्रश्नांनी समोरच्याला दारूगोळा मिळतो, हा मित्राचा दुसरा मुद्दा. शपथपत्र समोरच्याने केव्हाच वाचलेलं असतं. वाचत नाही ते आपण. आणि प्रश्न विचारायची खरी वेळ तिकीट वाटपाच्या आधीची. तेव्हा उमेदवार बदलता येतो, पक्षाचं काही बिघडत नाही. तेव्हा आपण गप्प बसतो आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की 'आता पर्याय काय' म्हणून हळहळतो. मागच्या खेपेला मीही हेच केलं. मत दिलं, निकालाच्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला आणि त्यानंतर त्या लोकप्रतिनिधीला एका ओळीनेही काही विचारलं नाही. समोरच्यांचा असता तर रोज विचारलं असतं. आपला तो बाब्या!

या वेळी त्या खटल्याबद्दल उमेदवाराच्या कार्यालयाला लेखी विचारलं आहे. मत कोणाला देणार हेही त्यात प्रामाणिकपणे लिहून टाकलं. मित्र म्हणतो, तेवढं लिहायला नको होतं, आता ते कशाला उत्तर देतील?

आपला,
एक वाचक