चित्रातला शेतकरी आणि लाकडातला सिंह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील रशियन ग्रामीण कलेवरचा लेख आवडीने वाचला. मात्र लेखकाने शेतकऱ्यांच्या चित्रांना ‘त्या जीवनाचा आरसा’ म्हटले आहे आणि लाकडी कोरीवकाम ‘सजावट’ म्हणून दोन ओळींत आटोपले आहे, हे पटले नाही.

रशियन चित्रकार अलेक्सेई व्हेनेत्सिआनोव (१७८०–१८४७) याने खेड्यातले जीवन मोठ्या जिव्हाळ्याने रंगवले. परंतु तो स्वतः जमीनदार होता, आणि मळणीच्या कोठाराचे चित्र काढताना आतवर उजेड यावा म्हणून त्याने त्या लाकडी कोठाराची एक भिंतच करवतीने कापून काढायला लावली होती. चित्र अप्रतिम आहे, वाद त्याचा नाही. पण त्यात दिसणारी माणसे भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीची, होती (ती प्रथा १८६१ साली संपली), आणि आपण त्यांना पाहतो ते मालकाच्या नजरेने.

कोरीवकाम मात्र त्या माणसांच्या स्वतःच्या हातचे आहे. व्होल्गा नदीकाठी नौकांवर नक्षी कोरणारे सुतार, आगबोटींमुळे ते काम आटत गेले तेव्हा, घरांच्या खिडक्यांच्या चौकटी आणि छपराखालच्या फळ्या कोरू लागले. त्या फळ्यांवर जलकन्या आहेत, आणि शेपटीचे टोक पानाफुलांत मिसळलेले, चक्क हसणारे सिंह आहेत; जन्मात सिंह न पाहिलेल्या सुताराने तो कोरावा आणि वर हसवावा, हे कुठल्या आरशात दिसणार? चित्रकारांनाही हे पुढे उमगले असावे. मॉस्कोजवळ आब्राम्त्सेवो येथे १८८०च्या दशकात येलेना पोलेनोवा या चित्रकर्तीने खेड्यांतल्या जुन्या कोरीव वस्तू जमवल्या आणि त्यांवरून बेतलेले नमुने तिथल्या सुतारशाळेत शेतकऱ्यांच्या मुलांकडून करवून घेतले.

हे लिहिण्याचे कारण घरचे आहे. बडोद्यात तांबेकर वाडा पाहायला जाणारे बहुतेक जण भिंतींवरची चित्रे पाहून परततात, खांबांकडे कोणी मान वर करून पाहत नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक वाडा पाडला गेला. केळफुले कोरलेले हस्त (खांबांवरचे लाकडी आधार) आणि दाराची गणेशपट्टी ओट्यावर रचून ठेवली होती. गणेशपट्टी उलटी केली तर पाठीमागे पटाशीचे घाव जसेच्या तसे, पुसायची गरज न वाटलेले. व्यापाऱ्याने सागाचा भाव घनफुटाने लावला, नक्षीचे वेगळे पैसे दिले नाहीतच, उलट ती बाजू रंधून सपाट करावी लागेल म्हणून थोडे कमीच दिले.

पुढच्या भागात एखाद्या रशियन खिडकीच्या चौकटीचे मोठे, नक्षी स्पष्ट दिसेल असे छायाचित्र छापावे आणि शेजारी बडोद्यातली एखादी चौकट द्यावी, ही विनंती. आमच्या गल्लीत अजून तीन वाडे उभे आहेत. आपल्या छायाचित्रकाराला ते दाखवायला मी आनंदाने सोबत येईन.

आपला,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे